अनवाणी सडा

पाहुण्यांनो, पायांतलं इथंच काढून ठेवा. या बुटक्या दगडांच्या रांगेपासून पुढं कुणी वहाणा घालून जात नाही. ज्यांना जमणार नाही त्यांनी या करंजाच्या सावलीला बसावं, त्यात कमीपणा नाही. लहान लेकरं, म्हातारी माणसं, आजारी माणूस, पोटुशी बाई यांना रीत लागू नाही. त्यांना घोड्यावर बसवून नेतात. बाकी कुणीही घोड्यावरून आला तरी इथं उतरतो. लग्नाचा नवरदेव असला, बाशिंग बांधलेलं असलं, तरी उतरतो. घोड्याच्या खुरांना चामड्याच्या पिशव्या बांधायच्या, लगाम हातात घ्यायचा आणि त्याच्या पुढं आपण अनवाणी चालायचं. म्हणून या पठाराचं नाव अनवाणी सडा.

समोर दिसतो तो भिवाईगड. मागं राहिली ती आमची धारखोरी. पावसाळ्याच्या शेवटी इथं बोटभर उंचीची निळी-पिवळी फुलं येतात आणि लोक फोटो काढायला गर्दी करतात. पण तुम्ही उन्हाळ्यात आलात, तेव्हा सड्याचा खरा स्वभाव तुम्हाला कळेल. हा जांभा दगड. वाकून हात फिरवा. किसणीवर फिरवल्यासारखं वाटतं की नाही? आणि अजून ऊन चढलेलं नाही.

मी भिवाई देवीचा गुरव. वडिलांकडून ऐकलं तसं सांगतो. चालता चालता ऐका, म्हणजे पायांकडं फार लक्ष जाणार नाही.

हे कोणत्या राजाच्या काळात घडलं, ते मला सांगता येणार नाही. गडावर राखणीची शिबंदी होती, शिबंदीची बायकापोरं होती, आणि गावातले धडधाकट पुरुष लष्कराबरोबर दूर मुलखात गेले होते, एवढं सांगतात. गावात उरल्या होत्या बायका, वयस्क माणसं आणि पागेतली तट्टं. पागा म्हणायची एवढंच. लष्करानं थकली म्हणून मागं ठेवलेली ती जनावरं होती. लांबच्या मजला मारून त्यांचे खूर झिजले होते, नाल कधीच गळून गेले होते. नवे नाल ठोकायला नालबंद नव्हता. तो आपला भाता, हातोडे आणि गावातलं होतं नव्हतं ते लोखंड घेऊन लष्करामागं गेला होता.

या तट्टांची देखभाल हैबती नावाचा एक जुना स्वार करायचा. केस पिकले होते, पण पाठ ताठ होती. ऐन उमेदीत त्याच्याकडं एक निळा घोडा होता म्हणे. एकदा गडावर तातडीचा निरोप पोचवायचा म्हणून त्यानं त्या निळ्याला याच सड्यावरून भर उन्हात पळवलं. वाटेत नाल सुटले. तो थांबला नाही. गडाच्या दारात घोडा जो बसला तो पुन्हा उठला नाही. खुरांच्या चिरफळ्या झाल्या होत्या. आणि निरोप काय होता? तर गडावर यायचे पाहुणे एक दिवस उशिरा येणार आहेत, एवढाच. लोकांनी हैबतीला शाबासकी दिली. त्यानं मात्र त्या दिवसापासून स्वारी सोडली आणि घोड्यांचं दाणापाणी, मालिश, खूर साफ करणं हेच काम पत्करलं. पागेत पाखरी नावाची एक पांढरी घोडी होती. तिच्यावर त्याचा जीव होता. पण तिच्यावरही तो कधी बसला नाही.

मग एका चैत्रात सकाळच्या पारी भुई हलली. आमच्या या पट्ट्यात ती अधूनमधून हलते, तुम्हाला ठाऊक असेल. गावात चार भिंती पडल्या, माणूस दगावलं नाही. लोकांनी भिवाईच्या नावानं नारळ फोडला आणि घरं शाकारायला घेतली. गडाकडून काही वर्दी आली नाही, तेव्हा तिकडंही सगळं ठीक असेल असं सगळ्यांनी धरलं.

पुढं एका दुपारी सुभान नावाचा गडावरचा शिपाई सडा ओलांडून आला. त्याचे ओठ फुटले होते. पाटलाच्या ओसरीवर त्याला पाणी दिलं, तेव्हा तो तांब्या तोंडाला लावूनच राहिला. पाटील लष्करात होते. कारभार पाटलीणबाई, म्हाळसाबाई, बघत होत्या. त्यांच्यापुढं त्यानं सांगितलं ते असं. भुई हलली तेव्हा गडावरच्या मोठ्या टाक्याला तडा गेला. पाणी खडकाच्या पोटात गेलं ते गेलंच. कोकणात उतरायची वाट दरडीखाली गाडली गेली. रांजणांतलं पाणी पुरवून पुरवून प्यायलं, ते आता सरत आलं. त्यात तापाची साथ. पुरुष कसेबसे उभे आहेत, बायका आणि पोरं उठू शकत नाहीत.

"चालत येईल असं कोणीच उरलं नाही, बाईसाहेब," सुभान म्हणाला. "घोडी पाठवा. जाताना पाणी न्या, येताना माणसं आणा."

म्हाळसाबाईंनी हैबतीला बोलावलं. हैबतीनं सगळं ऐकून घेतलं.

तट्टं तयार करतो असं म्हणायच्या ऐवजी तो म्हणाला, "पाटलीणबाई, ही घोडी सड्यावर घालता यायची न्हाईत."

सगळे चमकले. दौलती नावाचा एक वयस्क शेतकरी तिथं होता. त्याचा जिरायतीचा तुकडा नावापुरता, खरा जीव विहिरीच्या पाण्यावरच्या कांद्या-मिरचीच्या वाफ्यांवर. तो गरजला, "माणसं मरत्यात तिकडं, आन तुला खुरांची पडलीया?"

"खुरांची पडलीया म्हणूनच बोलतोय," हैबती म्हणाला. "एक खेप करून भागणार हाय का? गडावर किती माणूस हाय! पहिल्या खेपेलाच खूर फुटलं तर घोडं मधल्या सड्यावर बसंल, त्याच्यावरच्या लेकराला घेऊन. मग घोडं बी गेलं आन लेकरू बी गेलं. नाल न्हाई, लोखंड न्हाई. मी एक घोडा असाच बसलेला बघितलाय."

लोकांना ते पटलं नाही. बैल न्यावेत, असं कुणी सुचवलं; पण बैलाचं पाऊल सड्यावर ठरत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. शेवटी म्हाळसाबाई म्हणाल्या, "हैबती, काहीतरी बांधून बघा. जुनेरं बांधा, घोंगडी बांधा. न बघता नाही म्हणू नका."

ते त्याला मान्य झालं. घरोघरच्या घोंगड्या फाडून दोन तट्टांच्या खुरांना गच्च बांधल्या. पाठीवर गवतात रोवून पाण्याच्या घागरी लादल्या. हैबती आणि सुभान त्यांना घेऊन सड्यावर निघाले. गावातल्या बायका दगडांपाशी उभ्या राहून बघत होत्या. सडा अर्धा सरायच्या आतच लोकरीच्या चिंध्या झाल्या. एक तट्टू लंगडायला लागलं. हैबतीनं त्याचा पाय उचलून बघितला, घागरी उतरवून सुभानाला पेलवतील तेवढ्या त्याच्याकडं दिल्या, त्याला पुढं पाठवलं आणि आपण घोडी घेऊन परत फिरला. मागं कातळावर रक्ताचे ठिपके पडत गेले.

आता कुणी हैबतीला बोल लावला नाही. पण त्याला काही बरं वाटलं असेल असं मला वाटत नाही. आपलं म्हणणं खरं ठरल्याचं ते सुख नव्हतं.

त्या घोळक्यापासून थोडी दूर कोंडाई उभी होती. ही कोंडाई म्हणजे गावचं चामड्याचं काम करणारी. नवरा गेल्यावर त्याची कातडं कापायची रापी आणि भोकं पाडायची आरी तिनं हातात घेतली होती. गावाच्या वहाणा तीच शिवायची आणि विहिरीवरची मोटही तिनंच शिवलेली. मोट तुमच्यापैकी तरुण मंडळींनी पाहिली नसेल. अख्ख्या म्हशीच्या कातड्याची मोठी पिशवी असायची. बैल उतारावरून खाली गेले की ती भरून वर यायची आणि पाटात रिती व्हायची. आमची विहीर खोल, पायऱ्या नसलेली. गावाचं पिणं आणि वाफे दोन्ही त्या एका मोटेवर होते.

आणि एक गोष्ट सांगायची राहून गेली तर ही कहाणी खोटी होईल. कोंडाईनं शिवलेल्या कातड्यातून सगळं गाव पाणी प्यायचं, पण कोंडाईला त्या विहिरीच्या कट्ट्यावर पाय ठेवायची मुभा नव्हती. ती खाली घागर ठेवून बसायची. कुणी वरून ओतलं तर तिचं पाणी. तशी तेव्हाची रीत होती. वाईट रीत होती, पण होती.

लंगडणारं तट्टू समोरून गेलं तेव्हा कोंडाईनं त्याच्या खुराला गुंडाळलेली चिंधी सोडून हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली.

"हैबतीदादा," ती म्हणाली, "लोकर न्हाई टिकायची. कातडं लागंल. जाड, तेल पाजलेलं."

"ते काय मला कळत न्हाई व्हय, कोंडाई?" हैबती म्हणाला. "कातडं हाय कुठं? होतं ते लष्कराच्या पाण्याच्या पखालींना आन ढालींना गेलं."

कोंडाईनं चिंधी खाली टाकली. ती वळली आणि विहिरीकडं चालू लागली. तिच्या मागोमाग लोक गेले. काय करते आहे ते कुणाच्या लक्षात यायच्या आत ती कट्ट्यावर चढली. मोटेचा नाडा सोडला, पाणी टपकत असलेली ती भली मोठी मोट छातीशी धरली आणि तिथंच उभी राहिली.

कुणीतरी "अगं, खाली उतर!" असं ओरडलंही म्हणे. दुसऱ्या कुणी साथ दिली नाही.

"हे हाय कातडं," कोंडाई म्हणाली. "करंजाचं तेल पिऊन पिऊन मऊ झालंय, पर फाटायचं न्हाई. कापू का?"

दौलती पुढं झाला. त्याचा आवाज आता चढलेला नव्हता. उलट तो घाबरला होता. "कोंडे, गडावरची माणसं तहानेनं चाललीत. त्यास्नी हितं आणायचं आन हितली मोटच कापायची? मग आणल्यावर त्यास्नी पाजायचं काय? आपण काय प्यायचं?"

हा प्रश्न बिनतोड होता. मी ही गोष्ट सांगतो तेव्हा दर वेळी इथं थांबतो. दौलतीला आपण स्वार्थी म्हणून मोकळं व्हावं असं तो काही बोलला नव्हता. नवं कातडं मिळवायचं तर लष्कर परत येईपर्यंत वाट बघावी लागणार होती. समोर सगळा उन्हाळा होता.

कोंडाई म्हणाली, "दौलतीबाबा, पाणी हातानं काढता येतं. दोर हायत, घागरी हायत. हात दुखतील. पर गडावरचं माणूस हातानं उचलून आणायला आपल्यात बळ न्हाई. ते घोड्यानंच आलं पायजे."

"आन वाफं?"

"वाफं जळतील," ती म्हणाली. तिनं त्याला खोटी आशा दाखवली नाही.

सगळे म्हाळसाबाईंकडं बघू लागले. मोट गावाची होती. पाटील घरी नव्हते. म्हाळसाबाई कट्ट्यापाशी गेल्या. त्यांनी मोटेवरून हात फिरवला आणि दौलतीला म्हणाल्या, "तुमच्या वाफ्यांचं नुकसान माझ्या डोक्यावर. गावाला जाब मी देईन." मग कोंडाईकडं वळल्या. "काप. आणि उतरू नकोस. कट्ट्यावरच बस, इथं सपाट आहे."

कोंडाई विहिरीच्या कट्ट्यावर बसली. हैबती एकेक तट्टू आणून उभं करत गेला. पाय उचलून तो कातड्यावर ठेवायचा, कोंडाई कोळशानं भोवती रेघ मारायची, त्याहून चांगलं चार बोटं रुंद कापायची, कडेनं आरीनं भोकं पाडायची आणि त्यांतून कातड्याची वादी ओवायची. तळाला दुहेरी कातडं, आत ओलं मऊ गवत, आणि वादी आवळून खुराच्या वर गाठ. गाठ फार घट्ट नको, रक्त अडतं. फार सैल नको, पिशवी फिरते. हैबती सांगत होता आणि ती बांधत होती. तट्टं आधी पाय झटकायची, मग नवल वाटल्यासारखी एकेक पाय टेकवून बघायची.

पण मोट ती किती पुरणार? काही तट्टं तशीच राहिली. तेव्हा हैबतीनं आपल्या पायांतल्या वहाणा काढून कोंडाईपुढं ठेवल्या. त्या जुन्या लष्करी वहाणा होत्या, तिहेरी तळाच्या. ते बघून म्हाळसाबाईंनी आपल्या काढल्या. मग एकीचं बघून दुसरी. बघता बघता कट्ट्यापाशी वहाणांची रास पडली. कोंडाईनं त्या उसवल्या, जोडल्या, राहिलेल्या खुरांना बेतल्या. पहाटे घोडी सड्याला लागली तेव्हा गावात कुणाच्याच पायांत काही उरलं नव्हतं.

त्या दिवशी सडा तापायच्या आत पहिली खेप गडावर पोचली. हैबती पुढं, पाखरीचा लगाम धरून. मागं बायका, एकेकीच्या हातात एकेक तट्टू. घोड्यांवर कुणी बसलं नाही. जाताना पाठीवर पाणी होतं आणि येताना आजारी माणसं. पाणी बघून गडाच्या दारात काय झालं असेल ते मी रंगवून सांगत नाही. पाणी आधी पोरांना मिळालं, एवढं सांगतात.

येताना ऊन चढलं. आता तुमच्या पायांना जे जाणवतंय ना, त्याच्या कितीतरी पट. बायकांच्या तळव्यांना फोड आले, फुटले. तट्टं मात्र बिनबोभाट चालली. त्यांच्या पाठीवर तापानं गुंगलेली पोरं मानेवर डोकं टाकून झोपली होती.

कोंडाई गावात थांबली नव्हती. सड्याच्या मधोमध ही जी खोलगट जागा दिसते, इथं ती रापी, आरी आणि उरलेल्या वाद्या घेऊन बसली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक घोड्याचा पाय ती उचलून बघायची. झिजलं असेल तिथं ठिगळ, तुटलं असेल तिथं नवी वादी. डोक्यावर पदर आणि खाली तापलेला कातळ. कुणी तिला म्हटलं, "सावलीत बस गं." ती म्हणाली, "हितं सावली कुठंय?" आणि पुढच्या घोड्याचा पाय मांडीवर घेतला.

गावाकडं विहिरीवर दुसरं काम चाललं होतं. मोट नव्हती, तेव्हा दोराला घागर बांधून हातानं पाणी वर यायचं. आणलेली माणसं देवळात, धर्मशाळेत, घरांच्या ओसऱ्यांवर निजवली होती आणि सगळी पाणी मागत होती. दोर ओढणारी पहिली व्यक्ती कोण होती, तर दौलती. त्यानं आपल्या वाफ्यांकडं जाणंच सोडलं होतं. हाताची सालं निघाली तेव्हा त्यानं तळहातांना फडकी गुंडाळली आणि ओढत राहिला. म्हाळसाबाई त्याला म्हणाल्या, "बाबा, जरा बसा." तो म्हणाला, "पाजणार काय, असं मीच इचारलं हुतं. आता मलाच पाजू द्या."

अशा खेपा होत राहिल्या. रोज ऊन उतरलं की हैबती आधी घोड्यांचे पाय सोडायचा, पिशव्यांतलं गवत बदलायचा, खुरांना करंजाचं तेल लावायचा. मग स्वतःच्या पायांकडं बघायचा. त्याचे तळवे शेवटी शेवटी इतके सोलवटले होते, की तो पावलाची बाहेरची कड टेकवून चालायचा.

शेवटच्या खेपेला गडावर उरले होते किल्लेदार शिदोजीराव, त्यांची म्हातारी आई आणि मोजके शिपाई. सगळी माणसं गेल्याशिवाय किल्लेदारानं गड सोडला नव्हता. माणूस करारी होता. म्हातारीला पाखरीवर बसवलं. शिदोजीरावांचा स्वतःचा घोडा होता, त्याच्या पायांना लोखंडी नाल होते. ते त्यावर बसून सगळ्यांच्या मागून निघाले.

सड्याच्या मध्यावर पाखरीच्या पुढच्या पायातली पिशवी फाटून निघाली. हैबतीनं तिला जागच्या जागी उभं केलं. कोंडाई तिथंच होती, पण तिच्याजवळ कातड्याचा तुकडा राहिला नव्हता. वादीही नव्हती. ती रिकामे हात दाखवून म्हणाली, "दादा, संपलं."

ऊन डोक्यावर होतं. पाखरीनं तो उघडा पाय उचलून धरला होता, टेकवत नव्हती. हैबतीनं तिच्या गळ्यावर हात ठेवला. मग त्यानं कमरेची तलवार काढली आणि म्यान कोंडाईपुढं धरलं. ते म्यान त्याच्या बापाचं होतं. आत लाकूड, वरून जाड चामडं. स्वारी सोडली तरी तलवार त्यानं कमरेला ठेवली होती, तेवढाच एक मान राहिला होता त्याचा.

"दादा, हे नगं," कोंडाई म्हणाली.

"चीर गं," हैबती म्हणाला. "तिचा पाय दुखतोय."

कोंडाईनं म्यानावरचं चामडं चिरून काढलं आणि पाखरीचा खूर बांधला. नागवी तलवार हैबतीनं घोंगडीत गुंडाळून पाठीला लावली.

शिदोजीराव मागून आले ते नेमके तेव्हा. घोड्यावरूनच त्यांनी विचारलं, "काय खोळंबा आहे?" हैबतीनं सांगितलं. किल्लेदारांचं लक्ष मग त्याच्या पायांकडं गेलं. तिथून त्यांची नजर मागं वळली. रोज इतकी घोडी या वाटेनं गेली होती, तर त्यांनी टापांच्या खुणा शोधल्या. या गडाकडच्या अर्ध्या वाटेवर जनावरांच्या रक्ताचा एक थेंब नव्हता. कातळावर गडापासून इथवर उमटली होती ती माणसांची पावलं. बायकांची लहान पावलं, एकापुढं एक, सुकून काळपट झालेली.

किल्लेदार खाली उतरले, जोडे काढले, स्वतःच्या घोड्याचा लगाम हातात घेतला आणि हैबतीच्या मागून चालू लागले.

गावात पोचल्यावर त्यांनी आईला उतरवलं आणि म्हाळसाबाईंना म्हणाले, "पाटलीणबाई, गावानं मागावं. माझ्या हातात असेल ते देईन."

म्हाळसाबाईंनी हैबतीकडं बघितलं. तो म्हणाला, "सरकार, एकच. या सड्यावर पुन्हा कुणी घोड्यावर बसून जाऊ नये. ज्याला चालवत न्हाई त्यानं बसावं, बाकीच्यानी उतरावं. निरोप कितीबी तातडीचा असंना."

"दिलं," किल्लेदार म्हणाले. "कोंडाई, तू माग."

कोंडाई पायाचे फोड झाकून बसली होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "मला काय नगं सरकार. जरा पाणी मिळालं तर बरं."

तेव्हा खरी गोष्ट घडली, असं माझे वडील म्हणायचे. गावातल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. इतके दिवस त्या खोलगट जागेत ती बसली होती, तिला सड्यावर कुणी ना कुणी पाणी देत होतं. पण आता ती गावात होती, विहिरीपाशी. म्हाळसाबाईंनी दोराची घागर तिच्या हातात दिली नाही, आणि वरून ओतलंही नाही. त्यांनी हात धरून तिला उठवलं, कट्ट्यावर नेलं आणि दोर तिच्यापुढं ठेवला. "तुझीच विहीर आहे," त्या म्हणाल्या. "तू काढ. आम्हालाही दे." कोंडाईनं घागर सोडली. तिच्या हातांत ओढायचं त्राण नव्हतं, तेव्हा दौलतीनं फडकी गुंडाळलेले हात तिच्या हातांखाली लावले. ते पाणी सगळ्यांनी प्यायलं. त्यानंतर तिला खाली उतर म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

दौलतीचे वाफे जळून गेले. गावानं ते वर्ष नाचणीवर काढलं. पावसाळ्यानंतर किल्लेदारांनी नवं कातडं पाठवलं आणि कोंडाईनं दुसरी मोट शिवली. हैबती त्यानंतर नीट चालू शकला नाही. गावातल्या लोकांनी त्याला पाखरीवर बसवायचा फार आग्रह केला. तुमचाच नियम आहे, ज्याला चालवत नाही त्यानं बसावं, असं म्हणाले. तो एकदाच बसला म्हणे, सडा ओलांडून भिवाईच्या दर्शनाला जाताना. त्या दिवशी पाखरीच्या खुरांना पिशव्या बांधल्या होत्या कोंडाईनं, आणि लगाम धरून पुढं अनवाणी चालले होते स्वतः शिदोजीराव.

आलोच की आपण गडाच्या पायथ्याला. मघापासून तुम्ही कातळावरचे हे तांबूस डाग बघत होता. कॉलेजची मुलं येतात, ती सांगतात की जांभ्यात लोह असतं, त्याचा हा रंग. खरंच असेल. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. गावातल्या बायका मात्र त्या डागांवर पाय देत नाहीत, वळसा घालून जातात.

आता मोटा गेल्या, विहिरीवर पंप बसला, गावात घोडा येतो तो लग्नापुरता, तोही भाड्यानं. तरी आजही वरात सडा ओलांडून धारखोरीत शिरली की थेट मांडवात जात नाही. आधी विहिरीवर थांबते. पंप त्या वेळी बंद ठेवतात. कोंडाईच्या घराण्यातली सून कट्ट्यावर उभी राहते, हातानं दोर ओढून पाणी काढते, पहिली घागर घोड्याच्या खुरांवर ओतते, दुसरी नवरदेवाच्या पायांवर. तिच्या हातचं पाणी प्यायल्याशिवाय आमच्या गावात अक्षता पडत नाहीत.